वर्ध्याला आलेले डॉ. मेझ

वर्ध्याच्या मातीने पाहिलेल्या पाहुण्यांची यादी मोठी आहे. १९३४ सालापासून गांधीजींचा मुक्काम या परिसरात झाला आणि देशाच्या राजकारणाचे केंद्रच जणू विदर्भातील या लहानशा गावी येऊन बसले. मगनवाडीत आणि पुढे शेगावच्या आश्रमात व्हाइसरॉयच्या पत्रांपासून खेड्यातल्या रुग्णांपर्यंत सारे काही पोहोचत असे. त्या पाहुण्यांतील पुढाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. परंतु १९३६ सालच्या अखेरीस अमेरिकेतून येथे आलेल्या एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाचे नाव जिल्ह्यातही फारसे कोणी घेत नाही. ते नाव आहे डॉ. बेंजामिन एलायजा मेझ. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) ज्यांना आपले गुरू मानत, ते हेच मेझ.

मेझ यांचा जन्म १ ऑगस्ट १८९४ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यातील एका खेड्यात झाला. आईवडील दोघेही गुलामगिरीत जन्मलेले. गुलामगिरी कायद्याने संपली होती, तरी जमीन गोऱ्यांचीच राहिली होती. वडील हेझेकाया खंडाने घेतलेल्या जमिनीत कापूस पिकवीत. आठ भावंडांत बेंजामिन सर्वांत धाकटे. कापूस, कर्ज आणि सावकार यांचे नाते ज्यांनी वऱ्हाडात आणि वर्ध्याच्या काळ्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे, त्यांना त्या घराची कल्पना करून देण्याची गरज नाही.

मेझ यांची अगदी पहिली आठवण १८९८ सालची आहे. त्या वर्षी निवडणुकीच्या निमित्ताने जवळच्या फीनिक्स या गावी दंगल उसळली. कृष्णवर्णीयांनी मतदान करू नये, यासाठी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्या घोड्यांवरून हिंडत होत्या. अशाच एका टोळीने रस्त्यात हेझेकाया मेझ यांना गाठले, डोक्यावरची टोपी काढावयास लावली आणि पुन्हा पुन्हा वाकून मुजरे करावयास लावले. चार वर्षांचा बेंजामिन शेजारी उभा राहून पाहत होता. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याचा आरंभ याच प्रसंगाने केला. बापाचा अपमान डोळ्यांदेखत पाहिलेले मूल एकतर जन्मभर वाकून चालते किंवा जन्मभर ताठ उभे राहण्याचा हट्ट धरते. मेझ दुसऱ्या वाटेने गेले.

ती वाट शाळेतून जात होती आणि शाळा सहज मिळणारी नव्हती. त्या भागात कृष्णवर्णीय मुलांची शाळा वर्षातून जेमतेम चार महिने भरे. उरलेले महिने शेताचे. मोठी बहीण सूझी हिने घरीच अक्षरे आणि अंक शिकविल्यामुळे बेंजामिन पहिल्याच दिवशी वर्गात चमकला. शिक्षकाने त्याचे कौतुक चर्चमध्ये सर्वांसमक्ष केले आणि त्या लहानग्या जिवाला शिकण्याचे वेड लागले. निरक्षर आईने मुलाच्या शिक्षणासाठी प्रार्थना केली. वडिलांचे मत मात्र वेगळे होते. कृष्णवर्णीय माणसाने फार तर धर्मोपदेशक व्हावे किंवा शेती करावी, अधिक शिकून गोऱ्यांच्या डोळ्यांवर येऊ नये, असे त्यांना वाटे. यात मुलाविषयी निष्ठुरता नव्हती. ज्या जगात त्यांना टोपी काढून वाकावे लागले होते, त्या जगाने त्यांना शिकविलेला हा धडा होता.

एकोणिसाव्या वर्षी बेंजामिनने वडिलांचा शब्द मोडला आणि ऑरेंजबर्ग येथील शाळेत पूर्ण सत्रभर राहण्याचा निश्चय केला. संतापलेल्या वडिलांनी दहा डॉलरची नोट त्याच्या अंगावर फेकली. तीच घेऊन तो निघाला. पुढील शिक्षणाचा खर्च त्याने स्वतः भागविला. मध्यरात्री उठून संडास साफ करण्याचे काम महिना सहा डॉलरवर केले. उन्हाळ्याच्या सुटीत रेल्वेच्या शयनयानांत हमाल म्हणून राबला. १९१६ साली शालान्त परीक्षेत तो पहिला आला, तेव्हा त्याचे वय बावीसच्या घरात होते.

दक्षिणेत वाढलेल्या या तरुणाच्या मनात एक प्रश्न सतत घोळत असे. कृष्णवर्णीय माणूस बुद्धीने कमी असतो, असे ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकू येई. ते खरे नाही, असे मनाला ठामपणे वाटे, पण पडताळून पाहण्याची संधीच नव्हती. म्हणून त्याने दूर उत्तरेला, मेन राज्यातील बेट्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे वर्गात बहुसंख्य विद्यार्थी गोरे होते. वक्तृत्वाच्या स्पर्धेत तो पहिला आला, वादविवाद संघाचा कर्णधार झाला आणि १९२० साली गुणवत्तेसह पदवीधर झाला. त्या तीन वर्षांत एका माणसाच्या मनातील न्यूनगंड कायमचा पुसला गेला. पुढे शिकागो विद्यापीठातून त्यांनी १९२५ साली एम. ए. आणि १९३५ साली पीएच. डी. मिळविली. दोन पदव्यांमधील दहा वर्षे रिकामी नव्हती. अध्यापन, धर्मोपदेश, शहरी वस्त्यांतील समाजकार्य आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चचा देशव्यापी अभ्यास, अशी ती भरगच्च होती. जोसेफ निकल्सन यांच्यासह त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेला चर्चविषयक ग्रंथ आजही त्या विषयाच्या अभ्यासकांना टाळता येत नाही.

१९३४ साली ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्र विभागाचे अधिष्ठाता झाले. तेथे त्यांचे सहकारी होते हॉवर्ड थर्मन. थर्मन दांपत्याने १९३५-३६ मध्ये भारताचा दौरा केला आणि फेब्रुवारी १९३६ मध्ये बार्डोली येथे गांधीजींची भेट घेतली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंतांचे डोळे तेव्हा भारताकडे लागलेले होते. एका बलाढ्य साम्राज्याला शस्त्र न उचलता वाकविण्याचा प्रयोग कोट्यवधी सामान्य माणसे करीत आहेत, ही वार्ता त्यांच्यासाठी केवळ परदेशची बातमी नव्हती. आपल्याला असे काही करता येईल काय, हा प्रश्न तिच्यामागे होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस मेझ स्वतः भारतात आले. जानेवारी १९३७ मध्ये म्हैसूर येथे वाय. एम. सी. ए. या संघटनेची जागतिक परिषद भरणार होती. अमेरिकेच्या प्रतिनिधींत मेझ आणि चॅनिंग टोबायस हे दोन कृष्णवर्णीय होते. परिषदेपूर्वी त्यांनी वर्ध्याची वाट धरली. खानदेशातील फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन नुकतेच आटोपले होते आणि गांधीजी वर्ध्याला परतले होते.

भेट सुमारे दीड तास चालली. तीत मेझ यांनी विचारलेले प्रश्न कुतूहलापोटी विचारलेले नव्हते. घरी परतल्यावर ज्यांची उत्तरे आपल्या माणसांना द्यावी लागणार, अशा प्रश्नांची ती शिदोरी होती. अहिंसा म्हणजे निमूटपणे सोसणे काय, हा पहिला. गांधीजींनी ती कल्पना साफ नाकारली. अहिंसा ही अत्यंत क्रियाशील शक्ती आहे, तिचा मोठा भाग डोळ्यांना दिसत नाही इतकेच, अशी त्यांची मांडणी होती. एकट्यादुकट्या साधकाला जे साधते, ते हजारोंच्या समुदायाला कसे साधावे, हा दुसरा. सामान्य माणसांनाही अहिंसेचे शिक्षण देता येते, यावर गांधीजींचा विश्वास होता. चळवळीला हिंसेचे वळण लागले तर ती थांबविण्याचे धैर्य नेत्याच्या अंगी असले पाहिजे, हेही त्यांच्या आचरणात होतेच. १९२२ साली चौरीचौऱ्यानंतर त्यांनी असहकाराचे आंदोलन मागे घेतले होते, ते याच भूमिकेतून. या संभाषणाचा वृत्तान्त नंतर ‘हरिजन’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

मेझ यांचा आणखी एक प्रश्न होता आणि तो अधिक अवघड होता. अस्पृश्यतेविरुद्ध आपण लढता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच युद्ध का पुकारत नाही, असे त्यांनी गांधीजींना विचारले. त्या काळात गांधीजी अस्पृश्यतेला धर्मावरील कलंक मानत, पण वर्णव्यवस्थेकडे श्रमविभागणीची एक रीत म्हणून पाहत. त्याच धर्तीवर त्यांनी उत्तर दिले. वर्णाच्या नावाखाली माणसांचे वर्ग पाडण्याचे चटके ज्यांनी स्वतः सोसले होते, त्या मेझ यांना या उत्तराने पुरते समाधान लाभले नाही. तरीही गांधीजींविषयीचा त्यांचा आदर उणावला नाही. आदर आणि मतभेद एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे त्यांना ठाऊक होते.

या प्रश्नाचे मोल कळण्यासाठी ते वर्ष आठवले पाहिजे. ऑक्टोबर १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६ साली त्यांचा जातिनिर्मूलनावरील निबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आणि त्यावर गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये टीका केली. बाबासाहेबांनी तिला उत्तरही दिले. म्हणजे वर्ध्यात बसून अमेरिकेतील एका पाहुण्याने विचारलेला प्रश्न हा त्या क्षणी साऱ्या महाराष्ट्रात धगधगत होता. गांधीजींची मतेही पुढे बदलत गेली. वधूवरांपैकी एक जण दलित असेल अशाच विवाहांना आशीर्वाद देण्यापर्यंत ते अखेरच्या काळात येऊन पोहोचले. ज्या वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले होते, त्या वर्ध्यात हा प्रश्न विचारला गेला, याला एक औचित्य होते.

भारताने मेझ यांना दिलेला सर्वांत मोठा धक्का मात्र म्हैसूरकडे बसला. तेथील अस्पृश्यांच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना परिषदेला आलेला एखादा कृष्णवर्णीय पाहुणा आपल्या मुलांपुढे बोलावयास हवा होता. मेझ गेले. मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख करून दिली ती अशी, की हे अमेरिकेतील एक अस्पृश्य आहेत. तुम्ही सोसता ते सारे यांनीही सोसले आणि तरीही ते एवढे मोठे झाले, तेव्हा तुम्हीही होऊ शकाल, असा त्या परिचयाचा आशय होता. मेझ प्रथम चकित झाले, मग मनातून संतापले. विद्यापीठाचा अधिष्ठाता, शिकागोचा पीएच. डी., आणि अस्पृश्य? पण तो संताप फार वेळ टिकला नाही. आपल्याच देशात कोणत्या डब्यात बसायचे, कोणत्या नळाचे पाणी प्यायचे, कोणत्या दाराने आत शिरायचे, हे सारे आपल्या कातडीवरून ठरते, मग आपण अस्पृश्य नाही तर कोण, या विचाराने ते अंतर्मुख झाले. मुख्याध्यापकांनी शिष्टाचार सोडला असेल, पण सत्य सोडले नव्हते. पुढे १९५९ साली किंग भारतात आले, तेव्हा केरळातील एका शाळेत त्यांच्याही वाट्याला अगदी असाच परिचय आला आणि त्यांनाही याच वाटेने जाऊन तो मान्य करावा लागला. गुरुशिष्यांना एकाच धड्यासाठी भारतातील शाळेच्या बाकावर बसावे लागले, हा योगायोग विलक्षणच म्हणावयाचा.

मायदेशी परतल्यावर मेझ यांनी वर्तमानपत्रांतून गांधीजी आणि अहिंसा यांविषयी लेख लिहिले. १९४० साली अटलांटा येथील मोअरहाउस महाविद्यालयाचे ते अध्यक्ष झाले आणि सत्तावीस वर्षे त्या पदावर राहिले. कृष्णवर्णीय तरुणांसाठी असलेले हे महाविद्यालय तेव्हा पैशाअभावी टेकीला आले होते. मेझ यांनी थकलेले शुल्क कसोशीने वसूल केले, देणग्या मिळविल्या, विद्वान अध्यापक आणले. विद्यार्थ्यांत त्यांच्या काटकसरीची थट्टा होई, पण मंगळवारी सकाळी प्रार्थनागृहात ते बोलावयास उभे राहिले की ते गप्प होत. जेथे कृष्णवर्णीयांना वेगळे बसवितात, अशा नाट्यगृहात आपण होऊन पैसे देऊन जाऊ नका, असे ते मुलांना सांगत. अन्याय लादला जाणे वेगळे आणि तो तिकीट काढून विकत घेणे वेगळे, हा त्यामागील विचार होता.

दुसऱ्या महायुद्धात तरुण सैन्यात भरती झाले आणि वर्ग ओस पडू लागले. तेव्हा शालेय शिक्षण पुरे न झालेल्या हुशार मुलांना परीक्षा घेऊन प्रवेश देण्याची योजना महाविद्यालयाने आखली. या योजनेतून १९४४ साली पंधरा वर्षांचा एक मुलगा आला. तोच मार्टिन ल्यूथर किंग. धर्मोपदेशकाचा मुलगा असूनही धर्मोपदेशक होण्याची त्याची इच्छा नव्हती. चर्चमधील भावनांचा कल्लोळ त्याच्या बुद्धीला पटत नसे. विद्वत्ता, श्रद्धा आणि सामाजिक अन्यायाची चीड ही तिन्ही एकाच माणसात नांदू शकतात, हे त्याने मेझ यांच्यात पाहिले. प्रार्थनागृहातील भाषणानंतर तो त्यांच्यामागोमाग कार्यालयापर्यंत जाई आणि वाद घालीत बसे. १९४८ साली तो पदवी घेऊन बाहेर पडला, तो धर्मोपदेशक होण्याचा निश्चय करूनच.

किंग यांना गांधीविचार एकट्या मेझ यांनी दिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन भारत पाहून आले होते. १९५० साली फिलाडेल्फियात त्यांचे भाषण ऐकल्यावर किंग यांनी गांधीजींवरील पुस्तके विकत घेतली. नागपूरचाही या कथेत वाटा आहे. जेम्स लॉसन हे तरुण कृष्णवर्णीय धर्मसेवक १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. माँटगोमेरीतील बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. मायदेशी परतून त्यांनी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना सत्याग्रहाचे रीतसर शिक्षण दिले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. वर्धा आणि नागपूर यांच्यामध्ये अंतर ते किती, पण विचारांचे हे दोन झरे तेथून निघून अमेरिकेच्या दक्षिणेत एकत्र आले.

मेझ यांची कसोटी फेब्रुवारी १९५६ मध्ये लागली. माँटगोमेरीतील बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर आरोप ठेवण्यात आले होते. ते परगावी होते आणि परतताच अटक निश्चित होती. किंग यांच्या वडिलांनी धास्तावून अटलांटातील वडीलधाऱ्या मंडळींना घरी बोलाविले. मुलाने परत जाऊ नये, अशी त्यांची याचना होती. जमलेल्यांपैकी अनेकांचा कौल त्याच बाजूला होता. सहकारी तुरुंगाच्या दारात उभे असताना आपण लांब राहू शकत नाही, असे तरुण किंग यांचे म्हणणे होते. अशा वेळी मेझ यांनी आपल्या शिष्याची बाजू घेतली. बापाचे अश्रू समोर दिसत असताना मुलाला संकटात जाण्यास पाठिंबा देणे सोपे नव्हते. किंग परतले आणि पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. डिसेंबर १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बसगाड्यांतील वर्णभेद संपला.

१९६० साली अटलांटाच्या विद्यार्थ्यांनी भोजनगृहांतील वर्णभेदाविरुद्ध सत्याग्रह सुरू केले. त्यांच्या अग्रभागी मोअरहाउसचे विद्यार्थी होते आणि अध्यक्ष मेझ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांचा जनसागर लोटला. किंग यांच्या त्या दिवशीच्या भाषणाला जगाच्या इतिहासात स्थान मिळाले. समारोपाची आशीर्वादपर प्रार्थना मेझ यांनी केली.

दोघांमध्ये एक करार होता. मागे राहील त्याने, गेलेल्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी बोलावयाचे. मेझ वयाने चौतीस वर्षांहून अधिक मोठे. करार करताना कोण आधी जाणार, याविषयी दोघांच्या मनात शंका नसावी. पण ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे किंग यांची हत्या झाली. ९ एप्रिल रोजी मोअरहाउसच्या प्रांगणात हजारो माणसांसमोर त्र्याहत्तर वर्षांच्या गुरूने एकोणचाळीस वर्षांच्या शिष्याला निरोप दिला. अमेरिकेतील शहरे त्या आठवड्यात पेटलेली होती. त्या भाषणात त्यांनी सूडाचा उच्चार केला नाही, आणि त्या हत्येला केवळ एका माथेफिरूचे कृत्य मानून समाजाला दोषमुक्तही केले नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. पण १९६९ साली, पत्नी सेडी यांचे निधन झाले त्याच वर्षी, पंचाहत्तरीला आलेले मेझ अटलांटाच्या शिक्षण मंडळावर निवडून गेले आणि पुढील वर्षी त्याचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. शहरातील शाळांमधील वर्णभेदाचा खटला वर्षानुवर्षे चालला होता. १९७३ साली तडजोड झाली. मुलांची बसगाड्यांतून मोठ्या प्रमाणावर अदलाबदल करण्याचा आग्रह सोडावयाचा आणि त्याऐवजी शाळांच्या कारभारात कृष्णवर्णीयांना वरिष्ठ अधिकारपदे मिळावयाची, असे तिचे स्वरूप होते. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेला ही माघार वाटली आणि तिने कठोर टीका केली. गोरी कुटुंबे शहर सोडून जात असताना मुले कोणाबरोबर बसवावयाची, असा मेझ यांच्या बाजूचा व्यावहारिक प्रश्न होता. या वादाचा निकाल आजही लागलेला नाही. तत्त्व आणि व्यवहार यांच्या कात्रीत सापडणे, हे सत्ता हाती घेणाऱ्या प्रत्येक सुधारकाचे प्राक्तन असते. मेझ त्याला अपवाद नव्हते. १९८१ सालापर्यंत त्यांनी हे काम सांभाळले.

२८ मार्च १९८४ रोजी अटलांटा येथे मेझ यांचे निधन झाले. त्यांची आणि सेडी यांची समाधी मोअरहाउसच्या प्रांगणातच आहे.

सेवाग्रामला आज येणारा प्रवासी बापूकुटीतील साध्या वस्तू पाहतो, पायरीवर क्षणभर टेकतो आणि परततो. या परिसरातून एक विचार समुद्रापलीकडे गेला, याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. पण मेझ येथून केवळ उत्तरे घेऊन गेले नाहीत, एक प्रश्न येथे ठेवूनही गेले. अस्पृश्यता गेली तरी जात राहिली, तर माणूस मोकळा झाला असे म्हणता येईल काय? अमेरिकेतील वर्णभेदाचे कायदे मेझ यांच्या हयातीत संपले. आपल्याकडे अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० साली रद्द केली. दोन्ही देशांत कायदा पुढे गेला आणि मन मागे रेंगाळले. वर्ध्याच्या त्या पाहुण्याचे स्मरण करावयाचे, तर त्याच्या थोरवीच्या बरोबरीने त्याच्या या प्रश्नाचेही करावे लागेल.